गुळावरची इंग्रजी

पैज लागली ती गोविंदाच्या ओट्यावर, बारावीचा निकाल लागला त्या दिवशी संध्याकाळी.

निकाल कोण्या पोरासोराचा नव्हता. गोविंदाच्या बायकोचा, जयमालाचा होता. जयमाला गावच्या अंगणवाडीत मदतनीस. खिचडी शिजवायची, पोरांची नाकं पुसायची, जी पोरं येत नाहीत त्यांना घरून काखेत मारून आणायचं, हे ती लग्न होऊन सावरखेड्यात आल्यापासून करत होती. आता सेविकाबाई रिटायर होणार होत्या, आणि त्यांच्या खुर्चीवर पहिला हक्क मदतनीसचा होता. अट एकच, बारावी पास पाहिजे. शाळा सुटून जमाना झालेला, तरी जयमालानं बाहेरून फॉर्म भरला. बाकीचे विषय एका दमात काढले आणि इंग्रजीत गाडी रुतली. एकदा रुतली, आज दुसऱ्यांदा. आता राहिली होती पावसाळ्यातली फेरपरीक्षा. तिच्यातही गेली तर खुर्ची बाहेरून येणाऱ्या कोणाला तरी जाणार आणि जयमाला तिच्या हाताखाली पुन्हा खिचडीच ढवळणार.

म्हणून ओट्यावर सगळे गप्प होते. गोविंदा गप्प, समोरच्या घरची सत्यभामाबाई गप्प. फक्त तिच्या नवऱ्याला, म्हणजे कडूबाला, गप्प बसणं जमत नव्हतं. कडूबा पन्नाशीला टेकला होता, पण अंगातला वांडपणा काही उतरला नव्हता. मागच्या हिवाळ्यात त्यानं ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून पुकारा केला होता, की उद्या सकाळी नळाला गरम पाणी येणार आहे. अर्धं गाव टॉवेल घेऊन नळावर उभं होतं. असा माणूस.

"काय वो वहिनी," तो म्हणाला, "कायच्यात गेला पेपर?"

"ते बारके बारके शब्द असतात ना भाऊ, त्याच्यात," जयमाला म्हणाली. "लुक फॉर, लुक आफ्टर. समोरचा शब्द तोच, मांगचं शेपूट बदललं का सारा अर्थच पालटते. म्या लिवलं, अंगणवाडीची बाई रोज लेकरांले लुक फॉर करते."

"मंग? चांगलं तं लिवलं."

"लुक फॉर म्हंजे शोधणं. सांभाळणं म्हंजे लुक आफ्टर. तपासणाऱ्याले वाटलं असन, या गावात रोजच्या रोज पोरं हरपतात."

कडूबा मांडीवर थाप मारून हसला. त्याच्याबरोबर कोणी हसलं नाही, म्हणून तो आणखी एक पायरी चढला. समोर त्याच्या गोठ्यात भुऱ्या बैल डोळे मिटून रवंथ करत होता. त्याच्याकडे हात करून कडूबा म्हणाला, "वहिनी, राग नका मानू. पण तुमच्या आंधी माहा भुऱ्या शिकन इंग्रजी."

सत्यभामाबाईनं त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की वळ उठला. पण शब्द तोंडातून गेला होता.

जयमाला रडली नाही. तिनं एकदा बैलाकडं पाह्यलं, एकदा कडूबाकडं. बहुतेक दोघांत फरक किती ते मोजत असावी.

"लावता पैज?" ती म्हणाली.

"लावतो की."

"मी पास व्हायच्या आंधी तुमच्या भुऱ्यानं इंग्रजीतली पाच कामं साऱ्या गावाम्होरं करून दाखवाची. करून दाखवली तं मी पोळ्याच्या दिवशी त्याच्या पाया पडीन अन् त्याले गुरुजी म्हणीन."

"अन् तुमी आंधी पास झाल्या तं?"

"तं पोळ्याच्या दिवशी तुमी बैल. अंगावर झूल, कपाळाले बाशिंग, गळ्यात घागरमाळ. मी दोर धरून तोरणाखालून नेईन."

गोविंदा एवढा वेळ मान खाली घालून बसला होता. तो एकदम ताजातवाना झाला. "मी साक्षीदार," तो म्हणाला. "कडूबा, माघार घेशीन तं मिशी उतरवीन बे तुही."

"बैल होईन पण मिशी नाही देणार," कडूबा म्हणाला आणि पैज पक्की झाली.

उन्हाळ्यात बैलांना काम नसतं. कडूबालाही नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यानं चिखलीच्या बाजारातून गुळाची ढेप आणली आणि गोठ्यात शाळा भरवली. अडचण एवढीच होती की गुरुजींना स्वतःला इंग्रजी येत नव्हती. कडूबानं सातवीत असताना मास्तरच्या सायकलची हवा सोडली होती आणि त्यानंतर शाळेनं त्याला सोडलं होतं. मग विचारायचं कोणाला? गल्लीत इंग्रजीचं गाईड एकाच घरात होतं.

रोज संध्याकाळी तो जयमालाच्या ओट्यावर जाऊन बसायला लागला.

"वहिनी, बैलाले दाखवता येईन असंच सांगा. जे दाखवता येत नाही ते बैलाले शिकवता येत नाही."

"गो ऑन घ्या. चालाले लाग."

"बरं. अन् थांबाले?"

"होल्ड ऑन."

कडूबानं डोकं खाजवलं. "आवो, एकात चालते, एकात थांबते, अन् ऑन दोन्हीत? भुऱ्याच्या डोक्याचा भुगा होईन. ऑन म्हंजे नेमकं काय ते सांगा."

जयमालानं गाईड उघडलं, बंद केलं. गाईडात अर्थ होते, पण हे नव्हतं. तिनं दोन्ही शब्द दोनदा म्हणून पाह्यले. मग म्हणाली, "भाऊ, दोन्हीत 'राह्य' हाय. चालत राह्य. धरून राह्य. ऑन म्हंजे राह्य."

"हे बराबर. आमच्या भुऱ्याले कळन असं."

भुऱ्याला खरंच कळलं. म्हणजे 'राह्य' वगैरे कळलं की नाही देव जाणे, पण 'गो ऑन' म्हटल्यावर चार पावलं टाकली की गूळ, आणि 'होल्ड ऑन' म्हटल्यावर थांबलं की गूळ, हे त्यानं चटकन ध्यानात घेतलं. कडूबा त्याला चौकात फिरवून आणायचा आणि बाया धुणं सोडून पाहायला यायच्या.

मग एक दिवस तो झूल घेऊन ओट्यावर आला. "घालणं म्हंजे पुट ऑन, हे समजलं. काढणं म्हंजे पुट ऑफ, हे म्या माहं मीच ताडलं."

"चुकलं," जयमाला म्हणाली. "काढणं म्हंजे टेक ऑफ. पुट ऑफ म्हंजे काम पुढं ढकलणं."

"हे काय झालं? घालाले पुट अन् काढाले टेक? कोन्या येड्यानं बनवली ही भाषा?"

"आपल्यात काय कमी हाय? सदरा घालते म्हंजे अंगावर चढवते. घालवते म्हटलं का सदराच हरपला. एवढ्याशा 'व'नं सदरा गेला का नाही तुमचा?"

कडूबाला हे फार आवडलं. तो घरी जाऊन सत्यभामाबाईला म्हणाला, "म्या सदरा घातला, घालवला नाही. समजलं का?" ती म्हणाली, "तुमी अक्कल घालवली, मले तेवढंच समजते."

लुक फॉर शिकवायला सोपं निघालं. टोपल्याखाली गूळ लपवायचा, 'लुक फॉर' म्हणायचं, भुऱ्या नाकानं टोपलं उलथं करायचा. लोक टाळ्या वाजवायचे. मग कडूबाला चेव आला. "वहिनी, आता लुक आफ्टर. अन् ते तिसरं कोणतं, लुक इन्टू. तिन्ही एकदम शिकवतो."

"ते बैलाले नाही दाखवता येणार."

"मले तं दाखवा."

जयमाला अंगणवाडीतून नुकतीच आली होती, पदराला खिचडीचा वास होता. ती म्हणाली, "आमच्याकडं एक पोरगं हाय, मिनिटभर जागेवर बसत नाही. मी बसल्या जागून त्याच्यावर नजर ठेवते, खाऊ घालते, पडलं तं उचलते, हे लुक आफ्टर. परवा ते गेलं निंघून. मी साऱ्या गल्ल्या पालथ्या घातल्या, विहिरीवर गेली, देवळात गेली, ते लुक फॉर. सापडलं. मंग सेविकाबाईनं बसवून विचारलं, दरवाजाची कडी कोनं उघडली, पोरगं गेलं तवा कोन कुठं होतं. ते लुक इन्टू."

"एकाच पोराचे तीन."

"एकाच पोराचे तीन."

कडूबा उठून गेला, कारण भुऱ्याच्या उपयोगाचं त्यात काही नव्हतं. घरी सत्यभामाबाई चूल पेटवत होती. तिनं विचारलं, "आज गाईड उघडलं का जयमालानं?"

"नाही. काऊन?"

"काई नाही," ती म्हणाली आणि फुंकणीनं जाळ फुंकत बसली.

ज्येष्ठ संपता संपता भुऱ्याला चार गोष्टी पक्क्या आल्या. पाचवी, टर्न राउंड, तेवढी कच्ची होती. अर्धा वळायचा आणि गुळासाठी तोंड पुढं करायचा. कडूबानं गावात सांगून टाकलं की पेरणी आटोपली की मारुतीच्या पारासमोर कार्यक्रम आहे, सगळ्यांनी यावं. जयमाला भुऱ्याच्या पाया कशी पडेल, याची त्यानं दोघांतिघांना नक्कलसुद्धा करून दाखवली.

आणि पेरणीजोगी ओल झाली.

कडूबाकडं बैल एकच, भुऱ्या. गोविंदाकडंही एकच, लाल्या. अशा वेळी आमच्याकडं दोन घरं सावड करतात. तुझा एक, माझा एक, जोडी जुपायची, आधी तुझं वावर पेरायचं, मग माझं. कडूबा-गोविंदाची सावड जुनी होती. यंदा पहिली पाळी गोविंदाची. तिफनीला भुऱ्या-लाल्या जुपले, कासरे कडूबाच्या हातात, आणि तिफनीच्या मागं चाडं धरून जयमाला. चाडं म्हणजे तिफनीवरचा लाकडी वाटका, त्यातून मुठीनं बी सोडत चालायचं. हे काम आमच्याकडं बायांचं, आणि हात इतका सारखा लागतो की एक बाई सुरू झाली की मध्ये बदलत नाहीत. गोविंदा बांधावरून सोयाबीनच्या बॅगा उतरवत होता. पेरणी आटोपल्यावर तीनच दिवसांनी जयमालाचा चिखलीला पेपर होता.

पहिल्याच तासाला, म्हणजे पेरणीच्या पहिल्याच ओळीला, घोळ सुरू झाला.

कडूबानं जीभ टाळूला लावून नेहमीसारखं टकटक केलं. लाल्या निघाला. भुऱ्या निघाला, पण मन नव्हतं. उन्हाळाभर त्याला इंग्रजीवर गूळ मिळाला होता आणि मराठीवर काहीच नाही. मराठी ऐकून कोण पाय उचलतो? कडूबाच्या तोंडून सवयीनं गेलं, "गो ऑन!" भुऱ्या उमेदीनं चार पावलं चालला आणि मान मागं वळवून गुळाची वाट पाहत उभा राहिला. लाल्या बिचारा अडाणी, तो चालतच राहिला. जू तिरपं झालं, तिफन तिरपी झाली. कडूबा ओरडला, "होल्ड... हो, हो!" भुऱ्या अर्ध्या शब्दावरच थांबला आणि पुन्हा गूळ मागू लागला. वावराच्या टोकाला वळताना भुऱ्या अर्धा वळून राहिला आणि लाल्या पूर्ण वळला. दोघांची तोंडं समोरासमोर आली. एवढ्या वर्षांच्या जोडीदारांना पहिल्यांदाच एकमेकांची पुरी तोंडं दिसली असावीत.

कडूबाला हसू आवरेना. त्यानं मागं पाह्यलं आणि हसू जागेवर थांबलं. पेरलेले तास वावरभर नागमोडी गेले होते. कुठं दोन तास एकमेकांत घुसलेले, कुठं मध्ये एवढी जागा की खाट टाकावी.

गोविंदा बांधावरून धावत आला. "हे काय पेरलं बे? साप सरकल्यावानी!"

"थोडं वाकडं झालं. उगवल्यावर..."

"उगवल्यावर काय? याच्यात तण काढाले डवरा चालन का? डवरा न्यावा तं अर्धं पीक उपटून येईन. सारं मोडून पुन्यांदा पेरा लागन!" गोविंदानं डोक्याचं फडकं काढून ढेकळावर आपटलं. "दोन दिवसाचं काम होतं. या गतीनं आठवडा नाही पुरणार. जयमाला, तुह्या पेपराचं काही खरं नाही आता. पेपर पुढच्या साली बी येते, ओल थांबत नाही."

पुढच्या साली पेपर आला असता. खुर्ची आली नसती. हे तिथं उभ्या तिघांनाही माहीत होतं, बैलांना सोडून.

 जयमालानं ओटीत पुन्हा बी भरून घेतलं आणि चाड्याला हात लावून उभी राहिली. कडूबानं कासरे उचलले. मागून तिचं पुटपुटणं ऐकू येत होतं. "गिव अप, सोडून देणं. गिव इन, समोरच्याचं ऐकणं..." मूठ सोडत होती आणि पुटपुटत होती. आवाज बारीक होत होत थांबलाच. कडूबानं मान वळवली नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याला तोंडात टाकायला एकही वाक्य सापडेना.

तासाच्या टोकाला त्यानं जोडी थांबवली. बांधावर सत्यभामाबाई भाकरी घेऊन आली होती. तिनं वावर पाह्यलं, नवऱ्याचं तोंड पाह्यलं आणि टोपलं खाली ठेवून पदर खोचला.

"सरक वं जयमाला. दे ते चाडं."

"आवो अक्का, मधातून हात बदलत नाहीत."

"एवढ्या वाकड्या तासात हात कोनाचा होता ते कोन पाह्यते? जाय घरी. पेपर होईपर्यंत वावरात पाय टाकू नको."

"अन् बैलाचं काय?" गोविंदा गुरगुरला. "ह्या साहेबाले कोन हाकणार?"

कडूबानं खिशातून गुळाची पुडी काढली, सगळीच्या सगळी लाल्याच्या तोंडात घातली. लाल्यानं आयुष्यात असं काही खाल्लं नव्हतं. मग कडूबानं कासरे गोविंदाच्या हातात दिले आणि भुऱ्याची वेसण धरून त्याच्या नाकासमोर उभा राहिला. "तू हाक. मी याच्याम्होरं उलटा चालतो. माहं तोंड पाहून तरी सरळ चालन."

"चालन तं चालन. पण आयकून ठेव कडूबा. डवरणी होईपर्यंत या बैलाच्या कानावर इंग्रजीचा एक शब्द पडला, तं सावड तुटली. तुहं वावर तू कुत्रं जुपून पेरजो."

डवरणी होईपर्यंत म्हणजे निकाल लागून जाईपर्यंत. पाराजवळचा कार्यक्रम गेला. पाच कामं गेली. आता पैज जिंकायची तर जयमाला नापास व्हायला पाहिजे होती, एवढा एकच रस्ता उरला होता. कडूबानं हे सगळं उभ्या उभ्या मनात फिरवून पाह्यलं. "मान्य," तो म्हणाला.

जयमाला बांधावर चप्पल घालत होती. ती म्हणाली, "कडूभाऊ, हे तुमचं गिव अप हाय का गिव इन?"

"पुट ऑफ," कडूबा म्हणाला. "फक्त पुढं ढकललं. जाता का आता?"

ती गेली. कडूबा गोविंदाचं सारं वावर उलटा चालला, मग स्वतःचंही. ढेकळात दोनदा बसकण मारली. एकदा भुऱ्यानं सहानुभूतीनं त्याचं टाळकं चाटलं. गावातले टवाळ बांधावर उभे राहून विचारायचे, "कडूबा, रिव्हर्स गेर अटकला का?" उत्तर देण्याची सोय नव्हती. तोंड उघडलं असतं तर गो ऑन निघालं असतं.

पेरणी झाल्यावर एकदा गोठ्यात कोणी नाही पाहून तो भुऱ्याच्या कानाशी गेला आणि अगदी हळू म्हणाला, "टर्न राउंड." भुऱ्या पूर्ण वळला. सपशेल, शेपटीसकट. पाचवी गोष्टही आली होती! कडूबानं दरवाजाकडं पाह्यलं. मारुतीचा पार हाकेच्या अंतरावर होता, तिथं रिकामी माणसंही होती. चार हाका मारल्या असत्या तर गाव जमलं असतं आणि जयमालाचा निकाल लागायच्या आधी पैज त्याच्या खिशात असती. सावड काय, कोणाच्या तरी पायी पडून पुन्हा जुळली असती. पण सोयाबीन दोन पानांवर आलं होतं, सरळ तासात, आणि ती बाई पेपर देऊन रोज निकालाची वाट पाहत खिचडी ढवळत होती. कडूबानं भुऱ्याला कडब्याची पेंडी टाकली. "नालायका," तो म्हणाला, "हे आंधी नाही का येत होतं?"

निकाल मोबाइलवर यायचा होता आणि गल्लीत रेंज फक्त कडूबाच्या स्लॅबवर, पाण्याच्या टाकीला टेकलं की यायची. जयमालानं त्याला परीक्षेचा नंबर देऊन ठेवला होता. दुपारी तो टाकीला टेकला, चाक फिरत राहिलं, फिरत राहिलं, मग पान उघडलं. त्यानं दोनदा वाचलं. मग जिन्यानं खाली आला, आरशात पाहून तोंड रडवेलं केलं आणि अंगणवाडीत गेला.

पोरं ताटल्या घेऊन बसली होती. जयमाला हातात पळी घेऊन उभी.

"वहिनी," कडूबा म्हणाला आणि पुढं बोलवत नाही असं दाखवून खाली पाहत राहिला.

जयमालाचा हात पातेल्यावरच थांबला. एक क्षण. मग तिनं त्याच्या तोंडाकडं निरखून पाह्यलं.

"किती मार्क?"

"आवो, पण..."

"तुमाले खरंच वाईट वाटलं असतं तं तुमी वावरातल्यावानी गप उभे राह्यले असते. हे तोंड नळाच्या गरम पाण्याचं हाय. किती मार्क?"

"एक्केचाळीस," कडूबा म्हणाला. "पास."

ती खाली बसली. पळी तशीच हातात. एक पोरगं ताटली वाजवायला लागलं, मग सगळीच वाजवायला लागली. त्यांना खिचडी पाहिजे होती, पण ऐकायला चांगलं वाटत होतं.

"लुक आफ्टर आलं होतं का पेपरात?" कडूबानं विचारलं.

"नाही ना! लुकचं एकबी नाही. आलं ते कॅरी ऑन अन् कॅरी आउट. आपण कधी घेतलंच नव्हतं. मले घाम फुटला. मंग म्हटलं, ऑन म्हंजे राह्य. करत राह्य. लिवलं, बैल आयकत नव्हता तरी आमी पेरणी करत राह्यलो. मंग आउट उरलं ते शेवटाले नेण्याचं असन. लिवलं, सत्यभामाबाईनं पेरणी पार पाडली."

"अन् माहं नाव?"

"तुमचं नाव कुठं बसवू? तुमी तं उलटे चालून राह्यले होते."

कागद चिखलीला गेले, तिकडून आले, आणि पोळ्याच्या आठवडाभर आधी जयमाला सेविका झाली. कडूबाला वाटलं, या गडबडीत पैजेचं कोणाच्या ध्यानात नसेल. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तुपा-हळदीनं शेकतात आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. गोविंदा वाटी आणि पळसाचं पान घेऊन गोठ्यात आला. भुऱ्याचे खांदे शेकले आणि वाटी घेऊन थेट कडूबासमोर उभा राहिला.

"सदरा काढ बे."

"गोविंदा, माहा गुडघा दुखते..."

"टेक ऑफ," दारातून जयमाला म्हणाली. "पुट ऑफ नाही चालणार आता."

गोविंदानं त्याच्या दोन्ही खांद्यांना मनसोक्त तूप चोपडलं आणि कानात म्हणाला, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या."

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारासमोर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. गावातल्या जोड्या रांगेत उभ्या, शिंगांना बेगड, पाठीवर झुली. रांगेच्या शेवटाला कडूबा. आरशांची झूल, गळ्यात घागरमाळ, कपाळाला बाशिंग. सत्यभामाबाईनं हौसेनं त्याच्या पाठीवर गेरूचे हातही उमटवले होते. तो दोन पायांवरच होता, चार पायांची अट पैजेत नव्हती, हे त्यानं भांडून मान्य करून घेतलं होतं. दोर जयमालाच्या हातात. आमच्याकडं तोरणाखाली जायच्या आधी मालक बैलाच्या नावानं एक झडती म्हणतो, म्हणजे एक तुकबंदी खड्या आवाजात, आणि सगळं गाव महादेवाचं नाव घेतं. बाईनं झडती म्हटल्याचं कोणी पाह्यलं नव्हतं. जयमालानं पदर डोक्यावर घेतला, घसा साफ केला आणि रोज पोरांना गाणी शिकवते त्याच आवाजात म्हणाली:

"लुक फॉर लुक फॉर करत करत
वावरभर फिरला,
कडूबा नावाचा बैल
इंग्रजीले हारला!
हर हर महादेव!"

एवढ्या मोठ्यानं महादेवाचं नाव सावरखेड्यात पूर्वी कधी घेतलं गेलं नसेल. भोंगेवाल्यानं तर ते पुन्हा म्हणायला लावलं. कडूबानं जाता जाता तोरणाची दोन पानं दातांनी तोडली, तेवढाच सूड.

मग रिवाजाप्रमाणे बैल घरोघर. ज्या घरासमोर नेला त्या घरानं पाय धुवायचे, ओवाळायचं, पुरणपोळी चारायची. म्हातारी जनकाबाई चष्मा न लावता आली. तिनं कडूबाच्या कपाळाला कुंकू लावलं, तोंडात पुरणपोळी कोंबली आणि म्हणाली, "वय झालं वं याचं. दात कमी झाले. यंदा विकून टाक." गल्ली भिंतीला धरून हसली. नळावर टॉवेल घेऊन उभे राहिलेले सगळे दारात हजर होते. एकानं पाय धुवायला आणलेल्या तांब्यात खरंच गरम पाणी होतं.

शेवटचं घर त्याचं स्वतःचं. पोट पुरणपोळ्यांनी टम्म, खांद्यावर तुपाला माशा लागलेल्या, पायात घुंगरं. सत्यभामाबाई ताट घेऊन उंबऱ्यावर उभी होती, चेहरा पूजेतल्यासारखा गंभीर. तिनं खाली वाकून त्याच्या दोन्ही पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, ओवाळलं. कडूबानं सुटकेचा श्वास टाकला आणि दाराच्या आत पाय टाकायला गेला.

"थांबा," ती म्हणाली आणि जयमालाकडं वळली. "सेविकाबाई, याले आज रात्री कुठं बांधू? गोठ्यात एक आंधीच हाय."

"दिवस सरेपर्यंत पैज हाय, अक्का," जयमालानं दोर तिच्या हातात दिला. "खुट्याले बांधा. कडबा टाका थोडा."

कडूबानं बाशिंगाच्या मण्यांतून दोघींकडं पाह्यलं, मग गल्लीकडं. कोणीच घरी जात नव्हतं. तो घागरमाळ वाजवत गोठ्याकडं चालायला लागला.